दुधाची वेळ कोणाच्या हातात?

(कामठा, जि. गोंदिया येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



संयोजकांनी पत्रात विषय लिहिला होता, 'दूध प्रक्रिया व पॅकिंगचे आधुनिकीकरण'. हा विषय भिलवडीला, कोल्हापूरला, फार तर नागपूरला शोभावा असं कुणालाही वाटेल. कामठ्याची ओळख सांगताना लोक 1818 चा चिमणा पटेलांचा उठाव सांगतात, जमीनदारी सांगतात, लहरीबाबांचा आश्रम सांगतात. दुधाचं नाव कोणी काढत नाही. इथे धान पिकतो. दूध घरापुरतं होतं आणि उरलं तर गोंदियाच्या हाटेलात जातं. मग इथे पाश्चरायझरच्या गप्पा कशाला, असा प्रश्न मागच्या रांगेतून येण्याआधी मीच विचारून टाकतो. ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांना सहकाराची ओढ होती. त्यांच्याबद्दल माझ्यापेक्षा अधिकारानं बोलणारी माणसं समोर बसली आहेत, म्हणून मी थेट विषयाला हात घालतो.

दूध काढल्यापासून ते नासेपर्यंत जो वेळ मिळतो, तो वाढवण्याचा धंदा म्हणजे डेअरी. थंड करा, तापवा, पिशवीत भरा, भुकटी करा, हेतू तोच. गाईनं किंवा म्हशीनं दिलं त्यापेक्षा चांगलं दूध जगातली कुठलीही मशीन बनवत नाही. ती वेळ वाढवून देते. माझं आजचं सगळं म्हणणं असं की हा वाढलेला वेळ ज्याच्या ताब्यात असतो, भावही तोच ठरवतो. यंत्र कोणत्या कंपनीचं, पिशवी किती रंगांत छापली, हे प्रश्न त्याच्या खूप नंतर येतात.

आधी थोडा हिशेब करू. सडातून निघालेलं दूध अंगाच्या ऊबेचं असतं, साधारण 37-38 अंश. जंतूंना याहून सोयीची जागा नाही. या उष्णतेत ते वीस ते तीस मिनिटांत दुप्पट होतात. अर्धा तास धरला तरी तीन तासांत सहा वेळा दुप्पट, म्हणजे एकाचे चौसष्ट. पहाटे पाचला काढलेलं दूध आठ वाजता गोंदियाच्या दुकानदाराच्या दारात पोचतं तेव्हा आत ही गर्दी झालेली असते. आपल्याकडचा मे महिना कसा असतो ते मी तुम्हाला सांगायला नको, पारा 44-45 च्या घरात. हेच दूध काढल्याबरोबर 4 अंशांवर आणलं तर जंतूंची वाढ जवळपास थांबते. दुकानदाराला हे गणित कागदावर मांडता येणार नाही, पण त्याला ते पाठ असतं. नऊ वाजेपर्यंत तुमचं दूध विकलं गेलं नाही तर ते तुम्हाला परत न्यावं लागेल आणि घरी पोचेपर्यंत फुटेल, हे त्याला माहीत असतं. म्हणून तो घाई करत नाही. दूधवाला घाई करतो. भाव ठरतो तो तिथे.

आपल्या आज्यांनाही हे ठाऊक होतं. विरजण लावणं, लोणी काढणं, तूप कढवणं, खोवा आटवणं, हे सगळे वेळ वाढवण्याचेच उपाय. दूध सकाळपुरतं टिकतं, दही दोन दिवस, तूप वर्षभर. फक्त त्या उपायांत दुधाचं दूधपण राहत नाही. दूध दूध म्हणूनच लांब पाठवायचं असेल तर यंत्र लागतं, आणि यंत्र आलं की मालक कोण हा प्रश्न आलाच.

तो प्रश्न पहिल्यांदा रोखठोकपणे विचारला गेला गुजरातच्या खेडा जिल्ह्यात, पण त्याचं दुसरं टोक आपल्या मुंबईत होतं. 1945 मध्ये मुंबई सरकारनं शहराला दूध पुरवण्याची योजना आखली, बॉम्बे मिल्क स्कीम. आणंदहून मुंबईला रेल्वेनं चारशेहून जास्त किलोमीटर दूध आणायचं तर ते आधी पाश्चराइझ, म्हणजे ठरावीक अंशांपर्यंत तापवून गार, करावं लागणार. त्याचं यंत्र होतं पोल्सन या खासगी कंपनीकडे. सरकारनं खेड्यातलं दूध गोळा करायचा मक्ता पोल्सनला देऊन टाकला. शेतकऱ्याच्या हातात म्हैस होती, चारा होता, मेहनत होती. फक्त चारशे किलोमीटर टिकेल असा वेळ नव्हता. तो पोल्सनकडे होता. पोल्सन मुंबईत काय घेतो आणि खेड्यात काय देतो याच्यात ताळमेळ नव्हता. 4 जानेवारी 1946 ला समरखा गावी मोरारजी देसाईंच्या उपस्थितीत सभा झाली आणि ठरलं, पोल्सनला दूध घालायचं नाही. पंधरा दिवस खेड्यानं दूध ओतून दिलं पण कंपनीला दिलं नाही. मुंबईत दूध पोचेना. शेवटी सरकार नमलं, आणि 14 डिसेंबर 1946 ला त्रिभुवनदास पटेलांच्या नेतृत्वाखाली खेडा जिल्हा सहकारी संघ नोंदला गेला. पुढे जग ज्याला अमूल म्हणून ओळखू लागलं तो हा संघ.

संप जिंकला म्हणून काम भागलं नाही, आणि या गोष्टीतला हा भाग फारसा सांगितला जात नाही. संघाकडे जी यंत्रं होती ती सरकारी क्रीमरीतली जुनीपुराणी, भाड्याची. ती सारखी बिघडायची. 1949 मध्ये आणंदला आलेला एक तरुण इंजिनीयर, जो तिथून पळ काढायच्या बेतात होता, तो त्रिभुवनदासांसाठी ती दुरुस्त करून द्यायचा. एक दिवस त्यानं स्पष्ट सांगितलं, या भंगारावर पैसे घालवू नका, नवा प्लेट पाश्चरायझर घ्या. पैसे जमवून यंत्र आलं. ते बसवायला म्हणून थांबलेला इंजिनीयर कायमचा थांबला. वर्गीस कुरियन. म्हणजे देशातल्या सगळ्यात मोठ्या सहकारी डेअरीची सुरुवात एका मोडक्या यंत्राच्या कटकटीतून झाली. घोषणा आधी झाल्या होत्या, पण घोषणेनं दूध मुंबईपर्यंत टिकत नाही.

मग हिवाळ्याचा पेच उभा राहिला. डेअरीच्या भाषेत त्याला पुष्टकाळ म्हणतात. म्हशी जास्त व्यायलेल्या असतात, चारा हिरवा असतो, दूध उन्हाळ्याच्या दुपटीवर जातं. मुंबईची गरज मात्र तेवढीच. जास्तीचं दूध घ्यायला मुंबई तयार नव्हती. उन्हाळ्यात याच्या उलट. इथे तासांचा वेळ पुरेना, महिन्यांचा हवा होता. तो भुकटीनं मिळतो. पण म्हशीच्या दुधाची भुकटी होणार नाही, असं परदेशी तज्ज्ञांचं ठाम मत होतं. त्यांची यंत्रं गाईच्या दुधासाठी घडलेली, आणि म्हशीच्या दुधात स्निग्धांश जास्त. हरिचंद मेघा दलाया या डेअरी तंत्रज्ञानं ती करून दाखवली, आणि 31 ऑक्टोबर 1955 ला आणंदच्या भुकटी कारखान्याचं उद्घाटन पंडित नेहरूंनी केलं. माझ्या मते आपल्या दुग्धव्यवसायातलं सगळ्यात मोठं तांत्रिक काम ते आहे. कुरियन यांचं नाव शाळेतल्या पोरांना माहीत असतं, दलायांचं डेअरीत नोकरी करणाऱ्यांनाही ठाऊक नसतं.

मुंबईच्या बाजूनं या गोष्टीत आणखी एक माणूस आहे, दारा खुरोडी. मुंबईचे दूध आयुक्त. शहरातले म्हशींचे गोठे बाहेर हलवून गोरेगावला आरे कॉलनी उभी करणारे, आणि म्हशीच्या घट्ट दुधात स्निग्धांश नसलेली भुकटी आणि पाणी घालून स्वस्त टोन्ड दूध आणणारे. त्यांचं आणि कुरियन यांचं कधी जमलं नाही, तरी 1963 चा मॅगसेसे पुरस्कार खुरोडी, कुरियन आणि त्रिभुवनदास तिघांना मिळून मिळाला. आरेचं दूध काचेच्या बाटलीत यायचं, वर ॲल्युमिनियमचं पातळ झाकण. रिकामी धुतलेली बाटली दिली की भरलेली मिळे. ज्यांनी मुंबईत दिवस काढले त्यांना पहाटेचा तो बाटल्यांचा खणखणाट आठवत असेल.

आता कारखान्यात चला. मी तुम्हाला मोठी डेअरी दाखवतो, पण नवलाई दाखवायला नव्हे. कुठे काय घडतं हे कळलं तर उद्या कुणी तुमच्याकडे कोटेशन घेऊन आला तर त्याला काय विचारायचं ते कळेल.

दूध उतरवायच्या धक्क्यावर सगळ्यात महत्त्वाचा माणूस असतो तो कॅनचं झाकण उघडून वास घेणारा. लाखालाखांची उपकरणं त्याच्या मागे असतात, पण पहिला निकाल त्याच्या नाकाचा. झाकण उघडल्याबरोबर पहिल्या श्वासात आंबूस वास आला की कॅन बाजूला. मग परीक्षानळीत पाच मिली दूध घेऊन उकळत्या पाण्यात पाच मिनिटं धरतात. फुटलं की आम्लता वाढलेली, मामला संपला. त्यानंतर फॅट आणि एसएनएफ, म्हणजे स्निग्धांश सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ. फॅट मोजायची जुनी रीत गर्बरची, गंधकाम्ल घालून नळी फिरवायची. आता मिल्क ॲनालायझर अर्ध्या-एक मिनिटात आकडे देतो. गावातल्या केंद्रावर भांडणं होतात ती इथेच. कालच्या म्हशीचं आज फॅट कसं उतरलं? यंत्र कॅलिब्रेट केलेलं नसतं तेव्हा भांडण खरं असतं. म्हणून केंद्रावर यंत्र बसवलं की ते कधी तपासलं त्याची तारीख भिंतीवर लावा, एवढं तरी मागून घ्या.

तिथून दूध पाश्चरायझरकडे जातं. स्टीलच्या पातळ पत्र्यांची जाडजूड चवड असते. पत्र्याच्या एका बाजूनं तापलेलं दूध बाहेर निघतं, दुसऱ्या बाजूनं थंड दूध आत येतं. बाहेर जाणारं आपली उष्णता आत येणाऱ्याला देऊन जातं, त्यामुळे इंधनाचा बहुतेक खर्च वाचतो. 72 अंशांवर दूध एका लांब नळीत शिरतं. त्या नळीची लांबी अशी काढलेली असते की सगळ्यात वेगानं धावणाऱ्या थेंबालाही ती पार करायला पंधरा सेकंद लागावेत. नळीच्या टोकाला एक झडप. उष्णता ठरल्यापेक्षा खाली गेली की झडप आपोआप फिरते आणि दूध पुन्हा मागे जातं. ती झडप बंद करून ठेवणारा ऑपरेटर म्हणजे गावच्या जिवाशी खेळणारा माणूस, हे मी जबाबदारीनं सांगतो. दूध खरोखर पाश्चराइझ झालं की नाही हे फॉस्फटेज चाचणीत कळतं. दुधात फॉस्फटेज नावाचा एक घटक असतो, तो क्षयाच्या जंतूपेक्षा किंचित जास्त उष्णतेला मरतो. तो मेला म्हणजे क्षयाचा जंतू नक्की मेला. साधी, स्वस्त आणि पक्की चाचणी. छोट्या डेअरीत सगळ्यात आधी टाळली जाते तीही हीच.

मोठी डेअरी नसेल तरी हेच काम टाकीत करता येतं. 63 अंशांवर अर्धा तास, मग थंड. पाचशे लिटरची टाकी त्यासाठी पुरते. कामठ्यासारख्या ठिकाणी पाश्चरायझेशनची सुरुवात त्या टाकीनं व्हावी, 72 अंशांच्या महागड्या चवडीनं नको.

होमोजिनायझरवर दोन शब्द बोलायलाच हवेत, कारण त्यावर घराघरांत बायकांची तक्रार असते. हे यंत्र दूध प्रचंड दाबानं बारीक फटीतून ढकलतं. स्निग्धाचे गोळे इतके बारीक होतात की वर येत नाहीत. म्हणजे साय धरत नाही. कारखान्याच्या दृष्टीनं ही प्रगती, कारण दूध पिशवीत एकसारखं राहतं आणि चहा पांढरा होतो. आपल्या बायांच्या दृष्टीनं हे दूध नव्हेच. ज्या गंजात साय येत नाही त्यातल्या दुधाचं लोणी कसं व्हायचं, तूप कुठून यायचं? आमच्या वऱ्हाड-झाडीच्या स्वयंपाकघरात दुधाची पारख सायीवर होते. या बाबतीत मी बायकांच्या बाजूचा आहे. विदर्भात घरगुती ग्राहकासाठी निघणारं दूध होमोजिनाइझ करायची सक्ती कोणी केलेली नाही. करणाऱ्याच्या सोयीसाठी ते केलं जातं.

आणखी एक गंमत. पाश्चराइझ केलेलं दूध गार ठेवलं असेल तर उकळायची गरज नसते. तरी आपण प्रत्येक पिशवी उकळतो. डॉक्टर सांगून थकले, आपण ऐकत नाही. रस्त्यात पिशवी किती वेळ उन्हात पडली हे आपल्याला माहीत नसतं, म्हणून नाही ऐकत. बरोबरच करतो आपण.

मग पॅकिंग. पिशवी भरणाऱ्या मशीनसमोर उभं राहिलं तर माणूस हरखतो. वर प्लास्टिकच्या फिल्मचा रोल. फिल्म आधी अतिनील किरणांच्या दिव्याखालून जाते, म्हणजे आतल्या बाजूचे जंतू मरतात. मग ती एका गळ्यासारख्या पट्टीवरून वळून नळी होते. उभी शिवण बसते. खाली दोन जबडे येतात, तापलेली तार फिल्मवर दाबतात. त्या एका दाबात वरच्या पिशवीचा तळ बंद होतो, खालच्या पिशवीचं तोंड बंद होतं आणि दोघी वेगळ्या होतात. त्या मधल्या क्षणात अर्धा लिटर दूध पडून गेलेलं असतं. ऑपरेटर दर थोड्या वेळानं एक पिशवी उचलतो, दोन्ही तळव्यांत धरून दाबतो. ओल आली तर जबड्याची तार किंवा तिच्यावरची टेफ्लॉनची पट्टी बदलायची. पट्टीची किंमत फुटकळ, पण ती वेळेवर बदलली नाही तर सकाळी क्रेटच्या तळाशी दूध साचतं आणि वितरक शिव्या घालतो. नव्या यंत्राची जाहिरात वेगाचा आकडा सांगते. खरेदी करणाऱ्यानं विचारायला हवं की पट्टी, तार, रबरी सील कुठे मिळतात. गोंदियात नाही, नागपुरात नाही, मुंबईहून कुरियरनं येतात असं उत्तर आलं तर ते यंत्र घेऊ नये, कितीही चकचकीत असलं तरी.

पिशवी आली आणि काच गेली. काच जड, फुटते, धुवायला पाणी लागतं. पिशवी हलकी, एकदा वापरा आणि फेका. 'फेका' या शब्दाची किंमत आपण आता मोजतो आहोत. 23 मार्च 2018 ला महाराष्ट्रात प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली तेव्हा दुधाच्या पिशवीला सूट मिळाली, पण अटीवर: फिल्म 50 मायक्रॉनपेक्षा जाड हवी आणि रिकामी पिशवी परत घेण्यासाठी तिच्यावर किंमत छापलेली हवी, पिशवीमागे 50 पैसे. पुढच्या वर्षी विधिमंडळात सांगितलं गेलं की राज्यात रोज सुमारे एक कोटी पिशव्या वापरल्या जातात. 50 पैशांसाठी पिशवी धुऊन परत आणणारा ग्राहक मला अजून भेटलेला नाही. त्यातही खरा त्रास पिशवीचा नसतो, तो असतो कापलेल्या कोपऱ्याचा. नखाएवढा तुकडा. कचरा वेचणाऱ्याच्या हातात येत नाही. तो नालीत जातो, तिथून बोडीत जातो आणि उकिरड्यावर चरणाऱ्या गाईच्या पोटात जातो. कोपरा पूर्ण कापून टाकू नका, थोडी चीर द्या आणि तुकडा पिशवीला लटकता ठेवा. एवढ्या साध्या गोष्टीनं बराच फरक पडतो.

कागदी डब्यातलं टेट्रापॅक दूध आता गोंदियाच्या दुकानातही दिसतं. 135 अंशांच्या वर दोन-चार सेकंद तापवलेलं दूध, निर्जंतुक डब्यात. कागद, प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे सहा थर. सहा महिने फ्रीजशिवाय टिकतं. वेळेच्या हिशेबात हा बादशहा. पण डबा महाग, यंत्र त्याहून महाग, आणि हे दूध ज्याला परवडतं तो दुधाच्या खेपेची वाट पाहत बसत नाही. लडाखच्या चौकीवर त्याचा उपयोग निःसंशय आहे. कामठ्याच्या उत्पादकाला त्यातून काही मिळणार नाही, म्हणून तो विषय सोडतो.

आता महाराष्ट्र. भिलवडीला भास्कर गणेश चितळ्यांनी 1939 मध्ये दुधाचा धंदा सुरू केला. गावाला कृष्णेचं पाणी आहे आणि रेल्वे स्टेशन आहे, हे दोन्ही महत्त्वाचं. आज त्यांच्याकडे जनावरांच्या कानात इलेक्ट्रॉनिक बिल्ले आहेत, कुठल्या जनावरानं किती दूध दिलं याची नोंद संगणकात जाते. खासगी कंपनी असून शेतकऱ्याच्या गोठ्यापर्यंत पोचली म्हणून टिकली. कोल्हापूरचा गोकुळ 1963 चा, सहकारी. तिथेही गोठ्यापासून सुरुवात. दोघांचीही यंत्रं अद्ययावत आहेत, पण यंत्रं नंतर आली. आधी दूध आलं.

आणि आपल्याकडे दूध नाही. हे अप्रिय आहे, पण झाकून काय उपयोग? आपली कठाणी गाय घ्या. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोनं तिला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली, अभिमानाची गोष्ट आहे. पण ती घडली बैलांसाठी. चिखलातल्या बांधीत नांगर ओढणारा काटक बैल तिच्या पोटी जन्मतो. दूध म्हणाल तर दिवसाला फार तर दोन-तीन लिटर, तेही वासराचं पोट भरून. चारा काय, तर धानाची तणीस. तिच्यात वाळूसारखा सिलिका जास्त, पोषण कमी. युरिया फवारून, झाकून ठेवून मुरवली तर तिची प्रत सुधारते, हे कृषी खातं कित्येक वर्षं सांगतं आहे. किती घरी होतं, हात वर करा म्हटलं तर सभा अवघडेल. संकरित गाय आणली तर मे महिन्यात ती धापा टाकते आणि दूध अर्ध्यावर येतं. दिवाळीत गायगोधनाला गोवारी बांधव ढाल नाचवतात, गाईची पूजा होते. दुसऱ्या दिवशी ती गाय पुन्हा तणसावर. ज्या समाजानं पिढ्यानपिढ्या आपली गुरं राखली, त्याच गोवारींचे 114 जण 23 नोव्हेंबर 1994 ला नागपुरात चेंगरून मेले. आदिवासी दर्जाची मागणी घेऊन गेले होते. दुधाच्या कुठल्याही योजनेत राखणदाराचा हिशेब कधी धरला गेला नाही, म्हणून हे इथे बोललो.

विदर्भात काहीच झालं नाही असं मात्र म्हणता येणार नाही. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ आणि मदर डेअरी यांनी 2016 पासून विदर्भ-मराठवाड्यात संकलन सुरू केलं. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधली जुनी सरकारी डेअरी त्यांच्याकडे गेली. गावात यंत्रावर फॅट मोजायचं, पावती हातात द्यायची आणि पैसे थेट बँकेत. त्यांनी संत्र्याची बर्फीही काढली, जी मला बरी वाटते. 2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं दुसऱ्या टप्प्याला सुमारे 149 कोटी मंजूर केले आणि त्यात दोन्ही विभागांचे 19 जिल्हे घेतले. म्हणजे गोंदियाही कागदावर आला. कागदावरून गोठ्यात यायला काय लागतं ते आपण जाणता.

त्याच वर्षी गाईच्या दुधाला लिटरमागे 5 रुपये अनुदान मिळालं. पण कोणाला? जनावराच्या कानात बिल्ला हवा, दूध नोंदणीकृत डेअरीत घातलेलं हवं, बँकेत खातं हवं. हाटेलात दूध घालणाऱ्या कामठ्याच्या माणसाला त्यातला छदामही मिळाला नाही. तो कुठल्याच यादीत नव्हता. 2020 च्या टाळेबंदीत राज्यानं रोज दहा लाख लिटर दूध 25 रुपयांनी घेऊन भुकटी करायचं ठरवलं, त्यातही तेच. ज्याचं दूध संघाच्या टाकीत जात होतं त्याला आधार मिळाला. बाकीच्यांनी दूध गावात वाटलं किंवा वासराला पाजलं.

म्हणून कामठ्यानं काय करावं यावर माझं मत असं. पिशवी भरायची मशीन आत्ता घेऊ नका. पाचशे लिटरचा बल्क कूलर (दूध गार करून ठेवणारी टाकी) घ्यायचा तरी शंभर घरांनी रोज पाच लिटर घातलं पाहिजे. कमी दुधात कूलरचा पंखा दूध नीट ढवळत नाही, थंड होत नाही आणि विजेचं बिल मात्र पूर्ण येतं. तेवढं दूध आज नसेल तर बर्फाच्या पाण्यावर चालणारा छोटा चिलर घ्या. वीज असेल तेव्हा तो बर्फ धरतो आणि वीज गेली तरी दूध गार करतो, आपल्याकडचं लोडशेडिंग तो सोसतो. यंत्र कंपनीनं फुकट बसवून दिलं आणि बदल्यात दहा वर्षं दूध तिलाच घालायचं असा करार मागितला तर त्यावर सही करू नका. 1945 चा पोल्सन आणि हा करार यांत तत्त्वाचा फरक नाही. यंत्र गावाच्या संस्थेच्या नावावर हवं, मग भले ते लहान असो, जुनं असो. केंद्र सरकारनं 2020 मध्ये 15,000 कोटींचा पशुसंवर्धन पायाभूत सुविधा निधी काढला, त्यात कर्जावर 3 टक्के व्याज सवलत ठेवली. बँकेत जाऊन ती मागा.

कूलर संस्थेचा असला की दूध सकाळी आठलाच विकायची सक्ती संपते. संध्याकाळचं आणि सकाळचं एकत्र करून गोंदियाला एक खेप जाते. नागपूरच्या टँकरशी आणि गोंदियाच्या दुकानदाराशी एकाच दिवशी बोलणी करता येतात. निघतं ते बहुतेक दूध लग्नसराईत दही-खोव्याला जाऊ द्या, तिथे पैसा जास्त आहे. पाश्चरायझर त्यानंतर, पिशवी त्यानंतर, आणि पिशवीवर कामठ्याचं नाव छापायची हौस सगळ्यात शेवटी.

हे सगळं करायच्या आधी एक माहिती हाताशी हवी, आणि ती कुठल्याही सरकारी कार्यालयात नाही. गावात रोज किती दूध निघतं, सकाळी किती, संध्याकाळी किती, किती घरी खपतं आणि किती कोणाला कोणत्या भावानं जातं. माझी विनंती आहे की सभा संपल्यावर ज्यांच्या घरी दुभतं आहे त्यांनी लगेच उठू नये. संयोजकांकडे वही आहे. नाव, जनावरं आणि कालचं दूध, एवढं लिहून जावं. ही वही महिनाभर रोज भरली गेली तर पुढच्या महिन्यात नागपूरला जाऊन बोलणी करायला मी तुमच्याबरोबर येईन.